पाचवा महिना चालू आहे, चालणं बंद करू काय? आणि बाळंतपणानंतर व्यायाम कधीपासून?

दुसरं_गेट

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावात टिळकवाडीत राहते, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, प्राथमिक शाळेत शिकवते. पहिलीच वेळ आहे, पाचवा महिना चालू. गेल्या आठवड्यात ते मोठं स्कॅनिंग झालं, सगळं नॉर्मल आहे म्हणाले. एचबी १०.८ आहे, गोळ्या घेतेय.

मला लग्नाच्या आधीपासून सकाळी चालायची सवय आहे, व्हॅक्सिन डेपोच्या आवारात जाते, मोठी मोठी झाडं आहेत, गाड्यांचा त्रास नाही, अर्धा तास चालून आलं की दिवस बरा जातो. आता सासूबाई म्हणायला लागल्यात बंद कर, या दिवसांत कोण असं फिरतंय, कुठं ठेच लागली म्हणजे. त्या वाईट मनानं बोलत नाहीत, त्यांचं स्वतःचं पहिलं सहाव्या महिन्यात गेलं होतं, ती भीती अजून त्यांच्या मनात आहे हे मला कळतंय आणि म्हणूनच मला उलट बोलता येईना झालंय. आणि गंमत बघा, त्याच घरात मला सांगतात की सातव्यापासून खाली बसून फरशी पूस म्हणजे नॉर्मल होते. मग चालणं वाईट आणि फरशी चांगली हे कसं?

डॉक्टरांना विचारलं तर 'वॉकिंग करा' एवढंच म्हणाल्या, बाहेर रांग लागलेली, पुढचं विचारायचं राहूनच गेलं. तर मला हे सांगा, किती चालायचं, कुठं थांबायचं? शाळेत दिवसभर उभीच असते, संध्याकाळी पाय सुजतात, तेच चालणं झालं असं धरायचं काय? आणि बाळंतपणाला मी माहेरी जाणार, खानापूर तालुक्यात आमचं गाव आहे, आई आतापासूनच सांगतेय की चाळीस दिवस खोलीतनं बाहेर पडायचं नाही, शेगडी, पोट बांधायचं, सगळं. त्याच्यानंतर व्यायाम कधीपासून करायचा? मोबाईलवर व्हिडिओ बघितले तर एक बाई तिसऱ्या आठवड्यात उड्या मारायलीय.

शहापूरची_वैनी

अगं चालणं बंद करू नकोस. मी सगळ्यांचं ऐकून सहाव्या महिन्यात बंद केलं होतं, पुढं ते ग्लुकोजचं पाणी प्यायला देऊन तपासतात त्यात साखर जास्त निघाली. चालणं बंद केल्यामुळंच झालं असं मी म्हणत नाही, आमच्या घरात साखर आहेच, पण मग डॉक्टरांनीच सांगितलं की जेवण झालं की १५ मिनिटं चाला, आणि जे मला घरातनं बंद करायला लावलं होतं तेच औषध म्हणून परत सुरू झालं.

पण मला तुला खरं सांगायचंय ते नंतरचं. कारण आधीचं सगळे सांगतात, नंतरचं कोण सांगत नाही.

माझं सिझर झालं. सव्वा महिना मी पडूनच होते, उठायचं म्हटलं तरी कोणतरी हात धरायचं. मग दोन महिन्यांनी नणंदेचं लग्न आलं, पोट तसंच दिसत होतं, ब्लाऊज कुठलाच बसेना, म्हणून मी मोबाईलवर बघून पोटाचे व्यायाम सुरू केले, उताणं झोपून डोकं आणि खांदे वर उचलायचे असतात ते, रोज ५०. पोट कमी व्हायचं राहिलं बाजूला, उठायला गेलं की बेंबीच्या वर मधोमध वरवंट्यासारखा उंचवटा यायला लागला. आणि शिंकलं, खोकलं, जोरात हसलं की थोडी लघवी व्हायची. हळदीच्या दिवशी मी दोन पॅड लावून गेले, सगळ्याजणी नाचायला ओढत होत्या आणि मी पाय दुखतोय म्हणून खुर्चीत बसून राहिले. घरी येऊन रडले. आईला विचारलं तर ती म्हणाली, मला पण होतंय की, तुझ्या वेळेपासून. तीस वर्षं झाली त्याला! तीस वर्षं ती बाई गावाला जाताना बसमध्ये पाणी पीत नाही, आणि कोणालाच कधी बोलली नाही.

शेवटी एका मैत्रिणीनं फिजिओथेरपिस्टकडं नेलं. तिनं मला गुडघे दुमडून झोपवलं, डोकं नुसतं जरासं उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर आडवी बोटं ठेवली, तीन बोटं आत गेली. म्हणाली पोटाचे दोन उभे स्नायू बाजूला सरकलेत, तू जे ५० करतेस ते आज इथं बंद. मग चार महिने श्वासाचे आणि खालच्या स्नायूंचे व्यायाम, दिसायला काहीच नाही, बघणाऱ्याला वाटेल नुसती पडून आहे. पण लघवीचं पूर्ण थांबलं आणि फट दीड बोटावर आली. आता आईला पण करायला लावलंय, तिला पण फरक आहे, एवढ्या वर्षांनी सुद्धा.

म्हणून सांगते, शिंकताना असं झालं तर 'बाळंतपणानंतर असंच असतंय' म्हणून गप्प बसू नकोस.

जांबोटीकडची_आशा

मी आशा कार्यकर्ती आहे, खानापूर तालुक्यातच. ताई तुमचं गाव इकडंच म्हणून लिहिते.

तुमचा शाळेचा प्रश्न आधी. दिवसभर उभं राहणं हे चालणं नव्हे. आमच्या इकडं बायका सांगतात, ताई आम्हाला कसला व्यायाम सांगता, दिवस उगवल्यापासनं आम्ही कामातच आहे. बरोबर आहे त्यांचं. पावसात भाताची रोप लावणी असते, आठवा महिना लागलेली बाई चिखलात वाकून उभी, पाठीवर इरलं, तिला मी चालायला जा म्हणून सांगितलं तर ती मला काय म्हणेल? तिला व्यायाम नको आहे, विसावा पाहिजे. म्हणून मी प्रत्येकीला एकच सांगत नाही. जी घरात बसून आहे तिला उठ म्हणते, जी राबून दमली आहे तिला दुपारी तासभर डाव्या कुशीवर पड म्हणते, आणि पाण्याची घागर, भाताचं पोतं उचलू नको म्हणून तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगते. तिला एकटीला सांगून उपयोग नसतो, पाणी तर लागतंच घरात.

तुमचे पाय सुजतात ते बहुतेक उभं राहून. वर्गात खुर्ची घ्या, मधे मधे बसा, घरी आल्यावर पाय उशीवर वर ठेवा. पण सूज तोंडावर, हातावर यायला लागली, डोकं सारखं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी किंवा काजवे दिसले तर चालण्याचा विचार सोडा आणि त्याच दिवशी बीपी बघून घ्या. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली तरी पण लगेच दाखवायचं.

एचबी १०.८ म्हणजे थोडं कमी, ११ पाहिजे. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाणी चालतं. ७ च्या खाली असेल तर मात्र मी चालायला पाठवत नाही, आधी दवाखाना. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी फुकट असते, डॉक्टर बघतात, तायी कार्ड (गरोदर बाईच्या नोंदीचं सरकारी कार्ड) घेऊन जा आणि जे विचारायचं राहिलं ते कागदावर लिहून न्या. रांग असली तरी कागद बघून डॉक्टर उत्तर देतात, हा माझा अनुभव आहे.

माहेरी आल्यावर शेगडी करतीलच, मी पण घरोघरी हेच बघते. कोळशाची शेगडी दार खिडकी बंद करून ठेवायची नाही, कधीच नाही. तो वायू दिसत नाही, वास येत नाही, आई आणि बाळ दोघंही झोपेतच जाऊ शकतात. उबेसाठी अंगावर पांघरूण घ्या, बाळाला छातीशी धरा.

फिजिओताई

मी बेळगावातच प्रॅक्टिस करते, गरोदर आणि बाळंतीण बायकाच जास्त असतात. वैनींनी लिहिलंय ते आठवड्यातनं दोनदा तरी ऐकते मी.

किती चालायचं म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये जे सांगितलं त्यात गरोदरपणी आणि बाळंतपणानंतरही, काही अडचण नसेल तर, आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आहे. म्हणजे तुझा रोजचा अर्धा तास पाच दिवस, तेवढंच झालं. तू काहीतरी जास्त करतेस असं अजिबात नाही. मोजायला घड्याळ, नाडी काही नको. चालताना सोबतच्या बाईशी गप्पा मारता येतात ना? मग ठीक. दोन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागत असेल तर वेग कमी कर. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवलास तरी चालेल.

सासूबाईंची ठेच लागायची भीती मात्र खोटी नाही, ती मी हसण्यावारी नेणार नाही. पोट पुढं येतं तसा तोल बदलतो, आणि या दिवसांतल्या हार्मोन्समुळं सांध्यांचे अस्थिबंध सैल होतात, पाय मुरगळायची शक्यता जास्त. त्यावर उपाय चालणं बंद करणं नव्हे, चप्पल सोडून मागून बंद असलेले बूट घालणं, सपाट वाट बघणं, उजेड झाल्यावर निघणं. राजहंसगडाची चढण आत्ता नको. सायकल, बॅडमिंटन, उड्या हे पण नको, पडायची भीती आहे. उताणं पडून करायचे व्यायाम आता सोड, गर्भाशय वाढलं की पाठीच्या कण्याजवळची मोठी रक्तवाहिनी दबते, चक्कर येते, बाळाकडं जाणारं रक्त कमी होऊ शकतं. तेच कुशीवर किंवा बसून कर.

आणि सासूबाईंना हे पण सांग की बाळ सहाव्या महिन्यात गेलं त्यात त्यांच्या चालण्याफिरण्याचा दोष होता असं त्या मनात धरून बसल्या असतील तर ते ओझं उतरवावं. बऱ्याच वेळा कारण कुणालाच सापडत नाही, आणि साध्या चालण्यानं निरोगी गर्भ पडत नाही. कितीतरी बायका हे चाळीस वर्षं स्वतःवर घेऊन फिरतात.

फरशीचं म्हणशील तर पूस, बसता उठता येत असेल तर मांड्यांना चांगलं आहे, पण त्यानं नॉर्मलच होतं असं कुणी लिहून देऊ शकत नाही. नियमित हालचाल असलेल्यांत साखरेचा त्रास कमी दिसतो, वजन आवाक्यात राहतं, सिझरचं प्रमाणही थोडं कमी दिसतं, एवढंच खरं. ज्यांचं सिझर होतं त्यांनी फरशी कमी पुसली म्हणून होत नाही. आणि ओल्या फरशीवर घसरून पडलेल्या माझ्याकडं आल्यात, चालताना पडलेली अजून एक पण नाही.

आता जे कोण सांगत नाही ते आजपासून सुरू कर. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखायचे आहेत असं समजून आतल्या आत वर ओढायचं. पोट, मांड्या, कुल्हे ढिले, श्वास चालू. पहिल्यांदा ३ ते ५ सेकंद धरता येईल, मग तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं, सोडणं पण तितकंच महत्त्वाचं आहे. असं ८ ते १० वेळा, दिवसातनं तीनदा. हळूहळू १० सेकंदांपर्यंत ने. फळ्याकडं तोंड करून लिहिताना केलंस तरी वर्गातल्या पोरांना कळणार नाही. लघवी करतानाच मधे थांबवून रोज सराव करायचा नाही, त्यानं मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

बाळंत झाल्यावर व्यायाम पहिल्या दिवसापासून आहे, फक्त तो व्हिडिओतला नव्हे. पडल्या पडल्या पावलं वर खाली करायची, लांब श्वास घ्यायचा, मदतीनं उठून खोलीत चार पावलं टाकायची. सिझर असलं तरी पण, डॉक्टरांनी उठायला सांगितलं की उठायचं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायची भीती इतर वेळेपेक्षा बरीच जास्त असते, आणि सारखं पडून राहिलं की ती वाढते. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हातानं ढकलून बसायचं. खोकला आला की टाक्यांवर उशी दाबून धरायची. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. मग डॉक्टरांना दाखवून चालणं वाढवायचं. धावणं, दोरीवरच्या उड्या १२ आठवड्यांच्या आधी नाहीत, आणि त्यानंतरही लघवी सुटत असेल किंवा खाली जड जड वाटत असेल तर अजून थांबायचं.

पोट बांधायचं तर मऊ सुती कापड, आधार वाटेल इतकंच, उठताना फिरताना बरं वाटतं. आवळून बांधलं तर पोटातला दाब खाली जातो आणि आधीच सैल झालेल्या स्नायूंवर बसतो. कापडानं पोट आत जात नाही.

व्यायामानं दूध आटतं म्हणतील, आटत नाही. पाजून झाल्यावर चाल म्हणजे छाती हलकी असते, आणि पाणी जास्त पी.

निपाणीची_नात

आज्जीला सगळं वाचून दाखवलं, ती सांगतेय तसं मी टाइप करतेय.

"पोरी, आम्ही बिड्या वळायचो. सुपात पानं तंबाखू घेऊन मांडी घालून बसलं की उठायचं नाव नाही, हजार झाल्याशिवाय पैसे नाहीत. नवव्या महिन्यापर्यंत वळल्यात. पाय भरून यायचे, कंबर लाकडासारखी व्हायची. आम्हाला कोण चाल म्हणालं नाही, कोण बस पण म्हणालं नाही. जन्मात जर कधी कोणी मला बस म्हणालं असेल तर ते बाळंतपणात. चाळीस दिवस सासूनं मला चुलीपुढं जाऊ दिलं नाही, अंगाला तेल लावलं, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर हातात आणून दिली. तेवढेच चाळीस दिवस माझे होते. आता तुम्ही सगळ्या शिकलेल्या म्हणता की पडून राहायचं नाही. उठायचं म्हणजे चाला, पण उठली म्हणून हिला भांड्याला लावू नका. चार पावलं चालती झाली की घरातली माणसं म्हणतात बरी झाली आता, कर स्वयंपाक. मी माझ्या सुनेच्या वेळी हेच बघितलं आणि माझ्याच घरात बघितलं. म्हणून सांगते, खोलीतनं बाहेर ये, अंगणात फीर, पण चाळीस दिवस सोडू नकोस."

आज्जी हे सांगताना दोनदा थांबली. आम्हाला घरात कोणालाच हे आधी माहीत नव्हतं.

फिजिओताई

आज्जींना माझा नमस्कार सांगा. मी यापुढं पेशंटच्या सासू आणि नवऱ्याला समोर बसवूनच 'चालायला सांगितलंय, कामाला नाही' असं बोलणार आहे. हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

चिकोडी_सातवा

मला वार (प्लॅसेंटा) खाली आहे म्हणून सांगितलंय, एकदा थोडं रक्त पण गेलं होतं. वरचं सगळं वाचून वाटायला लागलं की मी पडून राहून चूक करतेय की काय. मी पण चालू का?

फिजिओताई

नाही ताई, वरचं तुमच्यासाठी नाही, आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं. वार खाली असून रक्त गेलंय, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलाय, पाणी जातंय, बीपी वाढलंय, हृदयाचा आजार आहे, यातलं काही असेल तर तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. तुम्ही चूक करत नाही आहात. फक्त पुढच्या वेळी त्यांना नेमकं विचारा, घरातल्या घरात किती फिरू, आंघोळीला उभी राहू का, पडल्या पडल्या पावलं हलवू का. 'बेडरेस्ट' शब्दाचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा होतो, कोणी उशीवरनं डोकं पण उचलू देत नाही. पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार बऱ्याचजणींची पुढं वर सरकते, म्हणून साधारण ३२ व्या आठवड्याला परत स्कॅनिंग करतात, ते चुकवू नका. रक्त परत गेलं, थोडं असलं तरी, सकाळची वाट न बघता दवाखाना. अंतर आहे म्हणून गाडीची सोय आधीच करून ठेवा, १०८ नंबर घरातल्या सगळ्यांना माहीत असू दे.

आणि बाकीच्यांना पण, चालताना रक्त किंवा पाणी गेलं, पोट ठरावीक वेळानं आवळून दुखायला लागलं, छातीत दुखलं, चक्कर आली, चालायच्या आधीच धाप लागली तर तिथंच थांबायचं आणि फोन करायचा. 'घरी जाऊन बघू' नाही.

दुसरं_गेट

सगळ्यांना एकदमच लिहिते. फिजिओताईंनी सासूबाईंसाठी लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं नाही, मोबाईलच हातात दिला. त्या चष्मा लावून वाचत बसल्या, काही बोलल्या नाहीत, आत गेल्या. रात्री भाकरी करताना म्हणाल्या, त्या वर्षी मी गौरीला माहेरी चालत गेले होते, तीन मैल, त्यामुळंच झालं असं तुझे आजेसासरे म्हणायचे. एवढंच. मग सकाळी मी बूट घालायला लागले तर त्या पण पदर खोचून दारात उभ्या. डेपोत दोन फेऱ्या माझ्याबरोबर चालल्या, तिसरीला बाकावर बसल्या आणि मी वळणावरनं दिसेपर्यंत मान उंच करून बघत होत्या. उद्या पण येणार म्हणाल्यात.

आता पाऊस धरला की डेपोतली वाट निसरडी होते, तेव्हा मी शाळा सुटल्यावर शाळेच्याच व्हरांड्यात चालायचं ठरवलंय, लांब आहे आणि कोरडा असतोय. वर्गात खुर्ची मागून घेतली. आईला फोन करून शेगडीचं सांगितलं, ती थोडी रागावली, पण खिडकी उघडी ठेवते म्हणाली. भांड्यांचं मी तिला सांगायच्या आधी तिनंच सांगितलं, बाई लावणार आहे म्हणून.

चिकोडीच्या ताई, ३२ व्या आठवड्याचं स्कॅनिंग झालं की इथं लिहा, मी बघत राहीन.